शंकरण्णा शिंप्याचा कसून तपास

सरकारी बोलण्याचे किस्से काही शोधत हिंडावं लागत नाही. शिंप्याच्या दुकानात चिंध्या साठतात, तसे ते आपोआप साठतात. आमचा तर अड्डाच शिंप्याच्या दुकानात होता, मल्लेश्वरमला, साठ सालच्या आगंमागं. आम्ही बेळगावकडचे तीन-चार नोकरदार, आणि पेन्शनीतले गुंडूराव. दुकान शंकरण्णांचं. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. घरात मराठी, पण तिला निम्मं अस्तर कानडीचं.

तर एका सकाळी शंकरण्णा “बटणं आणतो” म्हणून चिकपेटला गेले, ते आलेच नाहीत. मशीनवर एका नवरदेवाचा कोट अर्धवट, आणि दारात त्यांची बायको गंगक्का डोळे लावून बसलेली. आम्ही ठाण्यात वर्दी दिली. दफेदार म्हणाला, योग्य ती कारवाई चालू आहे, स्वल्प तडीरी. म्हणजे जरा थांबा. दर वाक्याला त्याचं हे शेपूट असायचंच. गंगक्काला केवढा धीर आला! गुंडूराव तपकीर ओढून म्हणाले, “अक्का, म्हणजे कागद अजून कुणी वाचलेला नाही.”

मला रागच आला. बाई रडतीय आणि ह्यांना तपकीर सुचतीय. तर म्हणतात कसे, “जन्मभर कचेरीत असलीच उत्तरं लिहिली मी. त्यांत काय नसतं ते मला ठाऊक आहे.”

*

पुढच्या आठवड्यात “कसून तपास” सुरू झाला. गंगक्काला घेऊन मी ठाण्यात गेलो. साहेब स्वतः भेटले. उठून खुर्ची दिली, पाणी मागवलं, चारी दिशांना माणसं धाडलीयत म्हणाले. मला वाटलं, गुंडूराव उगीच बदनाम करतात ह्यांना. निघताना साहेबांनी मायेनं विचारलं, “मुलगा कितवीत होता तुमचा?”

शंकरण्णांनी पन्नाशी ओलांडली होती.

*

मग एके दिवशी “महत्त्वाची माहिती हाती आली”. दफेदार स्वतः सायकल मारत आला. आम्ही कॉफी पाजली. मग तो गंगक्काला हळूच म्हणाला, की गुप्त बातमी आहे, तुमचे यजमान त्या दिवशी बटणं आणायला चिकपेटला निघाले होते!

ही वर्दी तिचीच की ओ! पण बाई जीव कानात आणून ऐकत होती. कुणाच्या का तोंडून होईना, नवऱ्याचं नाव निघत होतं. तो गेल्यावर मला म्हणाली, “बघा, चिकपेटपर्यंत तरी पोचले ते.” मला काही हसू आलं नाही.

*

सगळ्यात वाईट वाक्य त्यानंतर आलं. तुमकूरला “वर्णनाशी मिळतीजुळती व्यक्ती आढळली” म्हणे. गंगक्का गुंडूरावांपुढं जाऊन उभी राहिली. “आढळली म्हणजे कशी, राव? बसलेली की निजवलेली?”

गुंडूरावांनी तपकिरीची डबी उघडली, मिटली. पहिल्यांदाच म्हणाले, “ठाऊक नाही, अक्का.” तुमकूरपर्यंत बसमध्ये ती कुंकवाची डबी मुठीत धरून होती. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

व्यक्ती बसलेली होती. स्टेशनवर शेंगा विकत होती, तुमकूर सोडून कधी कुठं गेलेली नव्हती, आणि तिला झुपकेदार मिशा होत्या. आमच्या शंकरण्णांना मिशाच नव्हत्या! तसं सांगितलं, तर बरोबर आलेला दफेदार शांतपणे म्हणतो, “वाढल्या असतील. स्वल्प तडीरी.”

येताना गंगक्का हसली, हसता हसता रडली, आणि ती डबी पिशवीत टाकली.

*

त्यानंतर बाई बदलली. नवरदेवाचा बाप कोटासाठी खेपा घालत होता. एरवी तिनं हात जोडले असते. आता मशीनवरची धूळ पदरानं पुसत म्हणाली, “काम अंतिम टप्प्यात आहे.” बाप खूश होऊन गेला. कोटाला अजून बाह्या नव्हत्या. गुंडूराव म्हणाले, बाई कचेरीत असती तर माझ्या वर बसली असती.

कोट शेवटी तिनंच पुरा केला. बटणं दुसऱ्या दुकानातनं आणली.

*

आणि एका दुपारी शंकरण्णा आले. अंगावर नवं धोतर, तब्येत जरा सुधारलेली, हातात बटणांची पुडी. आम्ही सगळे गोळा झालो. गंगक्कानं पाय धुवायला पाणी दिलं, पान वाढलं, आणि मग एकच विचारलं, कुठं होता.

शंकरण्णा भातात सार कालवत म्हणाले, “काही अपरिहार्य कारणानं उशीर झाला.”

गंगक्कानं गुंडूरावांकडं बघितलं. जन्मभर असलीच वाक्यं लिहिलेला माणूस, पण त्यांनी मान खाली घातली आणि चपला शोधायला लागले.

तेवढ्यात बाहेर सायकलची घंटी. दफेदार! त्यानं दारातनंच विचारलं, काही पत्ता लागला का यजमानांचा. आत शंकरण्णांनी ताक मागितलं, तेही चांगलं मोठ्यानं.

गंगक्का उठली, दोन्ही हातांनी दार अडवून उभी राहिली, आणि म्हणाली,

“चौकशी चालू आहे. योग्य वेळी कळवण्यात येईल. तोवर स्वल्प तडीरी.”