फुसाएने भिजवलेले दोनशे कागद

छपाईचा कागद आदल्या संध्याकाळी भिजवून ठेवावा लागतो. कोरडा राहिला तर रंग धरत नाही, जास्त ओला झाला तर रंग फुटतो. मधली जी ओल असते ती बोटांना कळते, तोंडाने सांगता येत नाही. अराकावातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात ती फुसाएच्या बोटांना कळायची. तिचा नवरा तेइझो ओरिकासा लाकडी ठशांवरून चित्रं छापायचा. एकेचाळीस वर्षं तिने भिजवलं आणि त्याने छापलं.

तेइझो तेराव्या वर्षी उस्तादाकडे शिकायला बसला. पहिली तीन वर्षं कुंचले धुण्यात गेली. घोटणी म्हणजे बांबूच्या सालीत गुंडाळलेली तळहाताएवढी चकती. ती नीट गुंडाळायला यायला पुढची दोन वर्षं लागली. कागद ठशावर ठेवायचा आणि पाठीवरून घोटणी फिरवायची. जोर मनगटातून नाही, कमरेतून यायला हवा. आता वय एकोणसत्तर होतं आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आला होता. कागद भिजवणं मात्र त्याला कधी जमलंच नाही. फुसाए एचिझेनच्या कागद करणाऱ्यांच्या घरातली. लग्नानंतर आठवड्यातच तिने त्याला भिजवताना पाहिलं.

"कागदाला आंघोळ घालताय का?" ती म्हणाली. "सरका तिकडे."

तो सरकला. पाण्याचा कुंचला त्यानंतर त्याने हातात धरला नाही.

जूनमधल्या एका मंगळवारी संध्याकाळी तिने दोनशे कागद भिजवले, फळीखाली दाबून ठेवले. चित्र होतं संध्याकाळच्या धक्क्याचं, आठ ठशांचं. बुधवारी सकाळी ती तांदूळ धुता धुता स्वयंपाकघरात खाली बसली आणि तिथेच गेली. डॉक्टर येऊन गेला. शेजारच्या बायकांनी तिला आतल्या खोलीत निजवलं, उत्तरेकडे डोकं करून. उदबत्ती लावली. तेइझोने सगळं पाहिलं. त्याला रडू आलं नाही. दुपारी तो बाहेरच्या खोलीत गेला, फळी उचलली आणि कागदाच्या कडेला हात लावला. ओल बरोबर होती.

शुक्रवार पंचांगात अशुभ निघाला, गेलेलं माणूस सोबत्याला ओढून नेतं असा दिवस. त्या दिवशी दहनाची भट्टी बंद. म्हणून अंत्यविधी शनिवारवर गेला. जूनच्या दमट हवेत भिजवलेला कागद चार-पाच दिवस टिकतो, मग त्यावर करड्या बुरशीचे ठिपके येतात. वाळू द्यावा तर आकसतो आणि रंग रेषेत बसत नाहीत. हे दोनशे कागद फुसाएच्या हातचे शेवटचे होते. ते वाया जायला नकोत, एवढी एकच गोष्ट तेइझोला स्पष्ट दिसत होती. बाकी काहीच दिसत नव्हतं. तो बसला आणि रेषेचा काळा ठसा छापायला लागला. दोनशे कागद, एकेकाला घोटणीचे चाळीसेक फेरे. अडीच तास लागले.

गुरुवारी सकाळी फुसाएचा मोठा भाऊ कुझो एचिझेनहून आला. आत जाऊन बहिणीसमोर हात जोडले, बराच वेळ बसला. मग बाहेर आला. तेइझो फिकट करडा रंग छापत होता.

"दाजी, घरात ती निजलीय आणि तुम्ही हे करताय?"

"कागद भिजलेत, दादा."

"मोहल्ला काय म्हणेल?"

"मोहल्ल्याला कागद भिजवता येत नाही."

कुझोने एक कागद कोपऱ्याला धरून उचलला, ओल पाहायला कड खालच्या ओठाला लावली. कागद त्याच्याच गिरणीतला होता. त्याने तो जागच्या जागी ठेवला.

"तिच्याच हातचं पाणी आहे," तो म्हणाला. "करा. मी दाराशी बसतो. कोणी आलं तर सांगेन, छप्पर दुरुस्त करताहेत."

त्या दिवशी तीन ठसे झाले, शुक्रवारी दोन. शुक्रवारी संध्याकाळी जागरणाला माणसं आली. ठसे कोरणारा नेमोतो येऊन सुशी खात बसला. तो आणि तेइझो तीस वर्षं एकमेकांना शिव्या देत आलेले.

"मी तीन महिने रेषा कोरली," नेमोतो म्हणाला. "तू तिच्यावर रंग फासतोस आणि नाव तुझं होतं."

"तुझी रेषा वाकडी असते. मी झाकतो."

"वहिनी असत्या तर माझी बाजू घेतली असती."

"तिने कोणाचीच घेतली नसती. तिला कागद आवडायचा."

नेमोतो हसला आणि मग त्याचे डोळे भरले. तेइझो त्याच्याकडे पाहत राहिला. त्याला नेमोतोचा थोडा हेवा वाटला.

चित्रांच्या प्रकाशक इशिवाताबाईही आल्या होत्या. निघताना दाराशी थांबल्या. "काका, घाई कसली करताय? हे कागद सोडून द्या. महिन्याभराने नवे पाठवते."

"नवे नकोत."

शनिवारी सकाळी दोन ठसे उरले होते, आकाशाचा आणि धक्क्याखालच्या पाण्याचा. कागद कडेला वाळू लागले होते. दिवसभर घर बंद राहणार होतं. तेइझोने एकेचाळीस वर्षांनी पाण्याचा कुंचला घेतला, ओल टिकावी म्हणून जाड कागद भिजवले आणि दर दहा कागदांमागे एक सारला. फुसाएला न्यायला गाडी दाराशी उभी होती. भट्टीवर त्याने आणि कुझोने रिवाजाप्रमाणे लांब काड्यांनी मिळून हाडं उचलली, पायांपासून सुरू करून कुंभात ठेवली. हात इतका स्थिर कसा, असं त्याच्या मनात आलं, तेवढंच.

रविवारी तो पहाटे उठून बसला आणि आकाश छापलं. ठशावर रंग, रंगावर तांदळाची खळ, वर गडद, खाली ओल्या फडक्याने पुसून फिकं. कागदाचा कोपरा ठशावरच्या खाचेत टेकवायचा, सोडायचा, घोटायचं. छापणारा दर तिसऱ्या-चौथ्या कागदाला रेषेकडे पाहतो. रंग सरकला असेल तर खाचेत लाकडाची कपची बसवून जुळवतो. नवशिका पोरगाही पाहतो. तेइझोने पाहिलं नाही. हात चालले, तो कुठे होता ते त्याला सांगता आलं नसतं. आकाश संपलं, मग पाणी संपलं. दोनशे कागद पुरे झाले.

कुझो चहा घेऊन आला. खिडकीशी एक कागद धरून त्याने खूप वेळ पाहिलं.

"दाजी. आकाश धक्क्यावर आलंय."

केसाएवढं. धक्क्याच्या वरच्या कडेवर निळं चढलं होतं आणि खाली पांढरी फट राहिली होती. तेइझोने आणखी एक उचलला, मग आणखी. त्याने घातलेल्या पाण्याने कागद ताणला होता. दोन जाड कागदांच्या बरोबर मधले सदतीस ठीक होते, तिथे पाणी पोहोचलं नव्हतं. बाकीचे एकशे त्रेसष्ट सरकलेले.

सोमवारी इशिवाताबाई आल्या. त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "काका, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. मला दाखवलं नसतं तर मलाही दिसलं नसतं. असेच देऊन टाका."

हे फुसाएचे शेवटचे कागद होते. होय म्हटलं की दोनशेच्या दोनशे वाचत होते.

"सदतीस घेऊन जा," तो म्हणाला.

"आणि बाकीचे?"

"सरकलेत."

त्या सदतीस घेऊन गेल्या. सरकलेले कागद घराबाहेर जाऊ द्यायचे नसतात, त्याच दिवशी फाडायचे असतात. तेइझोने पहिला हातात घेतला आणि ओढला. फाटला नाही. एचिझेनचा कागद, त्यात झाडाच्या सालीचे लांब तंतू.

"हातांनी नाही फाटायचा," कुझो म्हणाला. "आमच्या घरात दीडशे वर्षं तो फाटू नये म्हणून माणसं राबली. सुरी द्या."

दोघे समोरासमोर बसले. कुझो धरायचा, तेइझो कापायचा, मधोमध, एका वेळी एकच. चार कागद एकदम कापले तर सुरी घसरते. ऐंशीव्याला पातं बोथट झालं. त्याने पाणी घातलं, दगडावर धार लावली आणि एक्याऐंशीवा कागद कुझोपुढे केला.