ती परत येत नाही

‘‘अगदी पुस्तकाबरहुकूम आहे!’’ असं छातीठोकपणे सांगून मी आत्याला सिनेमाला नेलं. पुस्तक मी वाचलेलं नव्हतं आणि सिनेमा पाहिलेला नव्हता. एवढ्या दोन किरकोळ गोष्टी सोडल्या, तर माझ्या बोलण्यात काही खोट नव्हती.

आत्या कवळ्या बनवते. दाताच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे ठसे येतात, त्यांवरून प्लास्टरचे साचे होतात आणि खिडकीपाशी बसून ती मेणात एकेक दात रोवते. समोरच्या फळीवर सगळं गाव आ वासून बसलेलं असतं. ‘‘मध्ये न बोलता ऐकणारी एवढीच माणसं,’’ असं तिचं त्यांच्याबद्दल मत.

सिनेमा ज्या कादंबरीवर होता, ती तिनं तरुणपणी वाचली. तिच्यातली बाई नवऱ्याचं घर सोडते, हाल सोसते, पण परत येत नाही. शेवटचं पान मिटलं आणि आत्यानं बॅग भरली, असं आमच्याकडे अजून सांगतात. ते खोटं आहे. पुस्तक पाठ होईस्तोवर वाचून मगच तिनं बॅग भरली. आतोबांना तिचा पगार चालायचा. कामावरून यायला झालेला उशीर चालायचा नाही.

आता आतोबांचे गुडघे गेले होते. ‘झालं गेलं विसरून ये’ असा निरोप त्यांनी बाबांकडे धाडला होता. बाबा आत्याचे थोरले भाऊ. निरोप त्यांना मनापासून पटला होता. तेही सिनेमाला आले.

मध्यंतरापर्यंत आत्या खूश होती. ‘‘तीन मजली घर दुमजली केलं, चालेल. नणंद गाळली, उपकारच केले! कवळीत मीसुद्धा वाकडे दात सरळ बसवते रे. चेहरा ज्याचा त्याचा राहिला म्हणजे झालं.’’

शेवटी पडद्यावर ती बाई बॅग घेऊन परत आली. नवऱ्यानं दार उघडलं. व्हायोलिनं सुरू झाली. आत्या ताडकन उभी राहिली.

‘‘अहो, ती परत येत नाही!’’

‘‘आजी, खाली बसा!’’ मागून कोणीतरी ओरडलं.

‘‘आजी असेल तुझ्या घरी! ती परत येत नाही, सांगून ठेवते!’’

‘‘अगं बस, लोक बघतायत,’’ बाबा कुजबुजले.

‘‘बघू देत. तिकीट काढून बघायलाच आलेत.’’

थिएटरचा बॅटरीवाला धावत आला. त्यालाही तिनं शेवटचं प्रकरण थोडक्यात सांगितलं.

बाहेर पायऱ्यांवर बाबांची कळी खुलली होती. ‘‘सिनेमावाल्याला अक्कल आहे हं! माणूस बदलतो, मग गोष्टही बदलणारच.’’

‘‘बदला की! घर बदला, कपडे बदला, तिचं नाक बदला. पण जिच्यासाठी पुस्तक लिहिलं तीच गोष्ट उलटी करायची असेल, तर दादा, दुसरं पुस्तक लिहा आणि त्यावर स्वतःचं नाव घाला.’’

‘‘पुस्तकात ती एकटी पडते ना पण?’’

‘‘पडते. मीही पडले. आले होते का तुझ्याकडे रडत?’’

बाबांना एकाएकी रिक्षा शोधायची घाई झाली. जाता जाता माझ्या कानाशी लागले, ‘‘तूच विचार रे तिला. संध्याकाळी मला त्यांना कळवायचंय.’’

मी धीर गोळा केला. ‘‘आत्या, मग आतोबांना काय सांगू?’’

‘‘पुस्तक वाचा म्हणावं.’’