तिसऱ्या वळणावरची भिंत

माझ्या सासऱ्यांना सगळे 'ओळंबा' म्हणतात. गवंड्याचा ओळंबा भिंत वाकडी असेल तर कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही, आणि मामंजीही ठेवत नाहीत. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझं कपाट दोन बोटं तिरकं आहे असं त्यांनी पाहुण्यांसमोर सांगितलं होतं. मी ते अजून विसरलेले नाही.

बोगदा झाल्यापासून डोंगरातला जुना रस्ता तीस वर्षं ओस पडला होता. आता तो पायी फिरणाऱ्यांसाठी पूर्वीसारखा करायचं ठरलं. तिसऱ्या वळणावरची दगडी भिंत बांधणाऱ्यांपैकी हयात एकटे मामंजी, म्हणून त्यांना सल्ल्याला बोलावलं. पंच्याहत्तरीतला माणूस सकाळी सातलाच डब्यासाठी माझ्यामागे भुणभुण लावू लागला. संध्याकाळी चहा घेताना ते दिवस सांगायचे. डावी अर्धी भिंत थोरल्या भावाची, उजवी अर्धी यांची, दोघांनी मध्ये भेटायचं. कोण आधी पोचतो यावर पैज, आणि दिवसभर एकमेकांची टिंगल. सांगताना त्यांचा चहा गार व्हायचा.

पुढचं मला माहीत होतं. वर्षभरात दोघांच्या सांध्याशी भिंतीला पोट आलं, ती फुगून पुढे आली; चूक कुणाची ते वरून कळेना. थोरल्याने "चूक माझी" असं ठेकेदाराला सांगितलं आणि त्याचं काम सुटलं. "बापाचं नाव घालवलंस," असं मामंजी त्याला म्हणाले, त्यानंतर पन्नास वर्षं एक शब्द नाही. भाऊ वारला तेव्हाही फाटकापासूनच परतले.

दुरुस्तीसाठी भिंत उतरवायला घेतली. प्रत्येक दगडावर खडूने आकडा टाकत मजूर चौथ्या दिवशी पायापर्यंत पोचले. मी डबा घेऊन गेले होते. डावीकडे पायाखाली सलग कातळ होता. उजवीकडे, सांध्याला लागूनच, निघाला एक भलामोठा धोंडा, आणि त्याच्याखाली नुसती माती.

"आजोबा, हा धोंडाच खचलाय," कामावरची इंजिनियर मुलगी म्हणाली.

"दिसतंय मला," मामंजी म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पहार खणकन वाजली गं. वाटलं, कातळ लागला. आणखी हातभर खणायचा कंटाळा केला मी."

डबा तसाच राहिला. मला खूप वाईट वाटलं; कपाटाचा राग त्या दिवशी गेला.

दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन ते भावाच्या घरी गेले. त्यांच्या वहिनींनी दार उघडलं. मामंजी पायरीवरूनच म्हणाले, "वहिनी, चूक माझ्या बाजूची होती. काल पाया उघडला."

"त्यांना माहीत होतं, भावोजी. त्यांनी तेव्हाच खणून बघितलं होतं."

"मग बोलला का नाही?"

"तुमचं लग्न ठरत होतं. सोयऱ्यांच्या कानावर गेलं असतं, पहिलीच भिंत बसली म्हणून."

मामंजी पायरीवरच बसले. "पन्नास वर्षं मी त्याला चारचौघांत शिव्या घातल्या, वहिनी."

"लोक येऊन सांगायचे त्यांना," वहिनी म्हणाल्या. "ते म्हणायचे, संसार नीट चाललाय ना त्याचा, मग झालं."