दादारावने काढलेल्या माझ्या आकृत्या

दादाराव आज गेला. त्याचं एक वर्ष माझ्यामुळे बुडालं, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी मी गोळ्या मोजून डबीत भरत होतो. त्याची मुलगी सुजाता हिचा अकोल्याहून फोन आला. "काका, बाबा गेले."

साठ-बासष्टच्या सुमाराची गोष्ट. अमरावतीला आम्ही सायन्सच्या पहिल्या वर्षाला होतो. मी अकोटचा, तो पातूरचा. दोघांत मायक्रोस्कोप एक.

बॉटनीच्या जर्नलमध्ये स्लाइड पाहून आकृती काढावी लागे. मला जमत नसे. मी पुस्तकातली गिरवायचो, तीही कच्च्या वहीत.

दादाराव एक डोळा मिटून बराच वेळ नुसता पाहायचा. मग काढायचा.

एकदा कपाशीच्या खोडाचा काप होता. त्याने एक बाजू चेपलेली काढली.

"पुस्तकात गोल हाये बे," मी म्हणालो.

"पुस्तकानं हे खोड पाह्यलं काय?"

"मार्क जातीन ना!"

"तू पाह्य तर आधी. लेका, तू पेन्सिलच पाहून राहिला."

मी पाहिलं. खरंच चेपलेलं होतं.

कला म्हणजे मनातलं काढणं आणि सायन्स म्हणजे पुस्तकातलं पाठ करणं, असं मला तोवर वाटायचं. हा माणूस दोन्ही एकाच स्टुलावर बसून करत होता. समोर जे आहे तेच काढायचं, दिसायला बरं नसलं तरी.

हे मला तेव्हाच कळलं होतं. म्हणून लाज जास्त वाटते.

वर्ष संपत आलं. माझं जर्नल कोरं. मी गयावया केली. त्याने दोन रविवार बसून माझ्या वहीत सगळ्या आकृत्या काढून दिल्या. भागांची नावं मी घातली, माझ्या छापील अक्षरात.

जर्नलवर सरांची सही नसेल तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसता येत नसे. सरांनी आमच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या.

तेच चेपलेलं खोड. दोन्हीकडे.

"कोणी कोणाच्या काढल्या?"

दादारावने माझ्याकडे पाहिलं. मी सांगेन म्हणून थांबला होता.

मी म्हणालो, "माझ्या मीच काढल्या, सर."

सरांनी वह्यांवरची आडनावं वाचली. माझं, मग त्याचं. मग त्यालाच म्हणाले, "स्कॉलरशिप मिळते ना तुला? मग नकला कशाला करतोस?"

"सर, स्लाइड लावा. मी आत्ता काढून दाखवतो. यालेबी काढू द्या."

सरांनी स्लाइड लावू नये, म्हणून मी मनात देवाचा धावा करत होतो.

"वेळ नाही," सर म्हणाले.

त्याला सही मिळाली नाही. वर्ष गेलं, स्कॉलरशिप गेली. मी पास झालो, आणि पुढच्याच वर्षी नापास होऊन कॉलेज सोडलं.

तो अकोल्याला सरकारी ऑफिसात ट्रेसर झाला. इंजिनिअरच्या नकाशावर पातळ कागद ठेवून त्याच रेघा गिरवायच्या. रिटायर होईपर्यंत.

माझं कॉलेज सुटल्यावर चार-पाच वर्षांनी तो अकोल्याच्या एसटी स्टँडवर भेटला.

"काय बे सायंटिस्ट! चहा घेतं काय?"

चहा पिताना मी विचारलं, "सध्या काय काढून राहिला?"

"दुसऱ्यानं काढलेलं," म्हणाला. हसला. मग माझ्याकडे पाहत राहिला.

माफी मागायला तेवढी जागा त्याने करून दिली होती.

मी अकोटची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.

आज दुपारी त्याच्या घरी गेलो. सुजाताने जमलेल्या लोकांना सांगितलं, "हे बाबांचे लॅबमधले पार्टनर. बाबा नेहमी म्हणायचे, याची वही पाहण्यासारखी होती."

मी हात जोडले. होकारार्थी मान हलवली.

तिथेही.

सुजाता, बाळा, तू हे वाचशील. त्या वहीतली एकही आकृती माझी नव्हती. तुझ्या वडिलांनी कुणाची नक्कल केली नाही. खोटं मी बोललो.

मित्रांनो, कृपा करून खाली कमेंटमध्ये माझं सांत्वन करू नका.

दादाराव, जय भीम. तुला शेवटचा नमस्कार.