टारफुल्याची ओळ

"माती सुधारलीय हे मातीलासुद्धा कळू देऊ नकोस," लामिसी मला एकदा म्हणाली होती.

ती थोरली, मी धाकटी. नवरा एकच, नेइन्दो. घानात, तामालेच्या उत्तरेला आमच्या गावात बायकांना भुईमुगासाठी जमीन मिळते ती थकलेली, मका पिवळा पडायला लागला म्हणून सोडून दिलेली. दोन वर्षं भुईमूग, चवळी घेतली की ती पुन्हा गडद, भुसभुशीत होते. मग नवरा तिथे मका पेरतो आणि बायकोला दुसरा थकलेला तुकडा देतो. लामिसीचे असे दोन तुकडे गेले होते. हा तिसरा. यात एक वर्ष, एकच, स्वतःच्या हाताने मका घ्यायचा, एवढंच तिला हवं होतं.

म्हणून वाटेच्या कडेला तिने ज्वारीची एक ओळ लावली आणि त्या ओळीतला टारफुला, थकलेल्या जमिनीत माजणारं ते तण, उपटलाच नाही. जांभळी फुलं डोलत राहिली. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, जमीन अजून आजारी आहे. आतला भुईमूग इतका हिरवा होता की तिला तो बघवत नसे. पाऊस चांगला झाला की तिचा चेहरा उतरायचा. नवऱ्याच्या सायकलची घंटा ऐकली की हात जागीच थांबायचा.

"अक्का, एवढं काय घाबरतेस?" मी हसायचे.

"तुझा पहिला तुकडा जाऊ दे, मग विचार."

काढणीच्या आठवड्यात नेइन्दोची एक गिनी कोंबडी त्या ओळीतून आत शिरली. तिच्यामागे तोही. आम्ही दोघी वाटेवर उभ्या. कोंबडी सापडली, तरी तो बाहेर येईना. त्याने एक झाड उपटलं. शेंगांचा घोस, मुळांवर बारीक गाठी. माती त्याने बोटांत चुरली, नाकाशी नेली.

"लामिसी, चेटूक केलंस काय गं?"

"शेंगा बऱ्या आल्यात, एवढंच. जमीन वाईटच आहे. तो टारफुला बघा की."

"टारफुला कडेला, आणि मी उभा मधे. नवऱ्याला वेडा समजतेस होय?"

तो हसत होता. रागावला असता तर बरं झालं असतं.

पुढचे सहा महिने तो त्याबद्दल बोलला नाही. लामिसी निम्मी झाली. पेरणीच्या तोंडावर, सकाळी घाटा खाताना तो म्हणाला, "त्या तुकड्यात यंदा मका. घरात चौदा तोंडं आहेत. तुला ओढ्यापलीकडचा माळ देतो. तुझा हातगुण चांगला आहे, दोन वर्षांत सुधारशील." मग माझ्याकडे वळून, "तुझ्याही शेतात एकदा यायला हवं."

मी घास परत वाडग्यात ठेवला.

लामिसी उठली. खुंटीवरचा, बियाणं ठेवायचा वाळका पोकळ भोपळा तिने उतरवला, हातात तोलला. आत शेंगदाणे वाजले. मला वाटलं, निघाली माळाकडे. तिने भोपळा परत खुंटीला अडकवला आणि रिकाम्या हातांनी दाराबाहेर पडून, ओढ्याकडे पाठ करून चालू लागली.