साती आसरांची वाळू

मथुराबाईंना पक्ष्यांतलं फार कळतं असं वारज्यात कुणी म्हणालं असतं, तर बाईंनीच त्याला वेड्यात काढलं असतं. नदीकाठच्या तुकड्यात मेथी-कोथिंबीर लावायची आणि पहाटे मंडईत न्यायची, एवढाच त्यांचा संसार. वारजे तेव्हा अजून खेडंच होतं. उन्हाळ्यात मुठेची वाळू उघडी पडली की पिवळ्या चोचीचे नदी सुरय तिथं अंडी घालायचे. घरटं कसलं, वाळूत नुसती खळगी. आणि दारूबरोबर तळून खायला, नाहीतर दम्याचं औषध म्हणून विकायला अंडी पळवणारे टपलेलेच. एका वर्षी रिकाम्या खळगीभोवती दिवसभर फिरणारी मादी बाईंनी पाहिली. स्वतःची दोन पोरं गेलेली बाई ती, तिला ते बघवणार कसं?

त्यांनी सात गोटे निवडले, शेंदूर फासला, वाळूच्या वाटेवर ओळीनं मांडले आणि गावात सांगितलं, "साती आसरा बसल्यात तिथं. वलांडंल त्येच्या घरात आजारपण हाय."

झालं. पाण्यातल्या सात देवतांच्या वाटेला कोण जाणार? अट्टल दारुडेसुद्धा पायताणं काढून लांबूनच हात जोडायला लागले. आठ वर्षं एक अंडं जागचं हललं नाही.

नवव्या वर्षी दिगंबरपंत उगवले. शनिवार पेठेतले निवृत्त मास्तर. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी आणि त्या टोपीखाली जगातलं सगळं ज्ञान. सुरय दुर्मिळ होत चाललेत म्हणून ते शोधत फिरत होते. पाखरं बघून त्यांना भरतं आलं, गोटे बघून कपाळाला आठी पडली.

"बाई, ही अंधश्रद्धा आपण पसरवलीत?"

"व्हय. अंडी ऱ्हायली न्हवं?"

"लोकांना भीती नाही, माहिती द्यावी."

रविवारी त्यांची चारजणांची समिती आली. गोटे नदीत गेले. चुकून कुणाचा पाय पडू नये म्हणून अकरा खळग्यांभोवती चुन्याची वर्तुळं आखली. आणि मग पाटी. पाटी लावली की संकट टळलं, अशी पेठेतल्या माणसाची ठाम समजूत असते. 'येथे दुर्मिळ पक्ष्यांची अंडी आहेत. ती आपल्यासाठी घातलेली नाहीत. वाचता येत नसल्यास दुसऱ्याकडून वाचून घ्यावे.' खाली ठळक बाण.

बाईंनी वाचून घेतलं. "मास्तर, चोराला पत्ताच दिला की तुमी."

"समाजावर विश्वास ठेवायला शिका," पंत म्हणाले.

समाज तिसऱ्या दिवशी टोपली घेऊन आला. बाई मंडईत असताना दोघांनी पाटी वाचली, बाण बघितला आणि एकेक वर्तुळ रिकामं केलं. बिचाऱ्यांना शोधायचीही दगदग नाही. बाई परतल्या तेव्हा पाखरं आभाळात आकांत करत होती. त्या वाळूवरच बसून रडल्या, मग पंतांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तेवढ्यात खडकाआडची एक खळगी त्यांना दिसली. वाकायचे कष्ट समितीनं घेतले नव्हते, म्हणून तिला चुना लागला नव्हता. आत दोन अंडी शाबूत होती. त्या दिवसापासून बाईंची मंडई बंद झाली, त्या नदीवरच राखणीला बसल्या.

पुढच्या रविवारी पंत आले, रिकामी वर्तुळं बघून म्हणाले, "लोक नालायक आहेत." लोकांत स्वतःला धरायचं त्यांना सुचलं नाही. मग वहीत काहीतरी खरडत ते खडकापाशी आले.

"एखादी खळगी राहिली असेल तर सांगा. याहून मोठी पाटी तयार आहे."

बाई लुगडं पसरून मध्येच उभ्या राहिल्या. वरून सुरयाची मादी किंचाळत आली आणि पंतांच्या टोपीवर चोच मारून गेली. पुन्हा आली, पुन्हा मारली.

"ही अशी का करतेय?" जन्मभर पाखरांचा अभ्यास केलेल्या माणसानं विचारलं.

"ऊन लई हाय," बाई म्हणाल्या. "समदी गेली, मास्तर. एक बी ऱ्हायलं न्हाई. पाटी न्या घरला."

पंतांनी वहीत लिहिलं, 'वारजे येथील वसाहत नष्ट,' आणि टोपी सावरत चढ चढून गेले. ते दिसेनासे झाल्यावर बाई लांब सरकल्या. मादी खाली उतरली आणि अंड्यांवर बसली.