पहिल्या बशीतलं अंजीर

अंजिरं पिकली की त्यांच्या वासानं मला पुण्यातलं ते महागडं जपानी हॉटेल आठवतं. मुलाकडच्यांना मी पसंत पडले होते आणि त्यांनी आम्हाला तिथं जेवायला बोलावलं होतं. पिंपळीहून निघताना गाडीत वडील म्हणाले, "तुझ्या मनात नसंल तर नुसतं माझ्याकडं बघ. मी गोडाला हात लावनार न्हाय, मग पुढचं काय ठरत न्हाय." गोड शेवटी येणार, म्हणून आम्ही निर्धास्त. पण तिथला आचारी हंगामातल्या फळांना जपानी-फ्रेंच वळण द्यायचा, आणि पहिल्याच बशीत लोण्यात परतलेलं, मध घातलेलं अंजीर आलं. वडिलांनी कोशिंबीर समजून ते तोंडात टाकलं. "झालं, व्याह्यांचं तोंड गोड झालं!" मुलाची आई टाळी वाजवत म्हणाली. मग बशांमागून बशा येत राहिल्या. मी भिंतीकडेच्या खुर्चीत, वाट अडवून शेजारी मुलगा. माझ्या बोटांतल्या जेवायच्या काड्या सरळ करत तो मला माझी बारामतीतली नोकरी कशी सोडता येईल ते समजावत होता. मी वडिलांकडं बघत होते आणि ते बशीकडं. शेवटी दुधाचा थरथरता गोळा आला. वडिलांनी चमचा उचलला, माझ्याकडं बघितलं आणि चमचा खाली ठेवला. "मगाचं फळ व्हतं," ते म्हणाले, "गोड हे हाय. आन ते मी खानार न्हाय." आजही हंगामात मी बारामतीहून कामावरून घरी आले की वडील अंजीर फोडून आधी मला देतात, आणि मी खाईपर्यंत माझ्या तोंडाकडं बघत राहतात.